एका शब्दाचे जुने घर



तुमच्या घरात हॉल आहे का? ‘वन बीएचके’ या संक्षेपातले मधले अक्षर आपण इतक्या सवयीने उच्चारतो, की त्यामागचा शब्द परका आहे हेही आठवत नाही. पाहुणे हॉलमध्ये बसतात, दूरदर्शन संच हॉलमध्ये असतो, रात्री मुलांची अंथरुणे तिथेच पडतात. आणि घरात निजानीज झाल्यावर तुमच्यापैकी अनेक जण ही पुस्तिका उघडून बसत असतील तेही हॉलमध्येच. आता अशी कल्पना करा, की तुम्ही इंग्लंडमधल्या एखाद्या आजच्या घरी गेलात आणि यजमानीण म्हणाली, ‘कोट हॉलमध्ये ठेवा.’ तुम्ही बैठकीची खोली शोधू लागाल. तिला अभिप्रेत असतो दाराच्या आतला चिंचोळा बोळ. जिथे छत्र्या टेकवलेल्या असतात, ओले बूट काढून ठेवलेले असतात आणि जिथे बसण्यासाठी कोणी थांबत नाही.

अर्थपरिवर्तनाचा अभ्यास करताना ‘अर्थसंकोच’ ही संज्ञा तुम्ही वाचली असेल. ‘मृग’ म्हणजे कोणताही वन्य पशू, पुढे केवळ हरीण, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. मीही वर्षानुवर्षे तेच देत आले. ‘हॉल’ हे त्याहून बोलके उदाहरण आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द मोठ्या छपराच्या वास्तूचा, प्रमुखाच्या संपूर्ण निवासाचा वाचक होता. आजही तिथल्या अनेक जुन्या हवेल्यांच्या नावाच्या शेवटी ‘हॉल’ येतो आणि त्याचा अर्थ अख्खे घर असाच असतो. पुढे तो घरातल्या मुख्य खोलीपुरता उरला आणि शेवटी दाराजवळच्या बोळापुरता. अनेक व्युत्पत्तिकार त्याचे नाते आपल्या ‘शाला’ या शब्दाशी जोडतात. झाकणे, आसरा देणे हा मुळातला अर्थ. ज्या शब्दाने एके काळी सगळ्यांना आपल्या छपराखाली घेतले, तो बोळात कसा जाऊन पडला, याचे उत्तर कोशात सापडत नाही. कोश अर्थांची यादी देतो. माणसे कुठे बसत होती आणि तिथून का उठली हे सांगणे त्याचे काम नव्हे. ते सांगते घर. असे एक घर मी पाहिले आहे, त्याविषयी तुम्हांला सांगायचे आहे.

इंग्लंडच्या दक्षिणेला, पूर्व ससेक्स परगण्यात, ककमिअर नदीच्या काठी आल्फ्रिस्टन नावाचे खेडे आहे. भोवती साउथ डाउन्सच्या खडूच्या टेकड्या, समुद्र फार दूर नाही. गावाच्या सार्वजनिक हिरवळीवर सेंट अँड्र्यूचे गारगोटीच्या दगडांनी मढवलेले चर्च आहे आणि त्याच्या शेजारी, नदीच्या अंगाला, शाकारलेल्या छपराचे एक लाकडी घर. त्याला ‘क्लर्जी हाउस’, म्हणजे धर्मोपदेशकाचे घर, असे म्हणतात. ते चौदाव्या शतकातले मानले जाते. मुळात एखाद्या सधन शेतकऱ्याने बांधलेले असावे, नंतर ते चर्चकडे आले. काही वर्षांपूर्वी एका परिषदेच्या निमित्ताने मी त्या भागात गेले असताना मुद्दाम वाट वाकडी करून तिथे गेले. लांबून दिसते ते मुख्यतः छप्परच. घर त्याच्याखाली वाकून उभे असल्यासारखे वाटते.

हे ‘वील्डन’ जातीचे घर. केंट आणि ससेक्समधल्या ‘वील्ड’ या एके काळच्या दाट वनप्रदेशावरून हे नाव पडले. या जातीच्या घरांची मांडणी एकदा कळली, की खेड्यातल्या गर्दीतही ती ओळखता येतात. लांबट घराचे तीन भाग असतात. मधला भाग जमिनीपासून आढ्यापर्यंत मोकळा, तोच हॉल. दोन्ही टोकांना दुमजली खोल्या. वरचा मजला खालच्या भिंतीपेक्षा हात-दीड हात पुढे झुकलेला असतो आणि त्या पुढे आलेल्या मजल्याला ‘जेटी’ म्हणतात. कोकणातल्या विद्यार्थ्यांना हा शब्द बंदरावरून ठाऊक आहे. दोन्हीकडे मूळ एकच आहे, ‘फेकणे’ या अर्थाचे फ्रेंच क्रियापद. एक जेटी पाण्यात फेकलेली, दुसरी रस्त्यावर. दोन टोके पुढे आली की मधला हॉल आपोआप मागे गेल्यासारखा दिसतो. परंतु छप्पर मात्र तिन्ही भागांवर एकच, चौपाखी. मग हॉलसमोरची वळचण अधांतरी राहते. तिला खाली बाकदार लाकडांचे टेकू द्यावे लागतात. घराचा चेहरा ओळखू येतो तो या टेकूंमुळे.

भिंतींवर भार नाही. सगळा भार ओकच्या चौकटीवर. खांब, तुळया आणि वासे यांच्यामधल्या मोकळ्या जागा कुडाने भरायच्या: काठ्यांचे विणकाम, त्यावर माती, शेण आणि चिरलेला पेंढा यांचा गिलावा. कूड हा शब्द ज्यांच्या घरात अजून जिवंत आहे, त्यांना यापुढचे वर्णन नको. ओक वाळल्यावर इतका कठीण होतो की त्याला हत्यार लागत नाही. म्हणून तो ओला असतानाच कापून, कोरून उभा करीत. वाळताना तो पिळवटतो. या घरांच्या तुळया वाकड्यातिकड्या दिसतात त्याचे हे एक मोठे कारण. त्याचा दोष सुताराच्या हातावर टाकू नये.

आमच्या संपर्कसत्राला सुतारकाम करणारे एक विद्यार्थी येत. त्यांना मी या घराची छायाचित्रे दाखवली, तेव्हा बाकीचे वर्ग छपराचे कौतुक करीत होता आणि हे गृहस्थ एका सांध्यावर बोट ठेवून बसले होते. ‘मॅडम, खिळा कुठेच दिसत नाही.’ खरेच नाही. एका लाकडाच्या टोकाला जीभ काढायची, दुसऱ्यात तिच्या मापाची खाच पाडायची, दोन्ही बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकायची. सगळी चौकट आधी सुताराच्या आवारात जमिनीवर आडवी जुळवीत, प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरीत, मग सुटी करून जागेवर नेत आणि खुणा जुळवून उभी करीत. अशा अनेक घरांत या खुणा आजही वाचता येतात. हे ऐकून ते म्हणाले, ‘म्हणजे आमचे मॉड्युलर किचन.’ इतकी नेमकी व्याख्या माझ्याकडून झाली नसती. इंग्रजीतल्या ‘टिंबर’ या शब्दाचा जुना अर्थ लाकूड नव्हे, ‘बांधलेली वास्तू’ असा आहे; आणि ज्या धातूपासून तो आला त्याच धातूपासून संस्कृतातला घर या अर्थाचा ‘दम’ आला. ‘दंपती’ म्हणजे घराचे धनी. लग्नपत्रिकेतला आपला शब्द आणि वखारीतला त्यांचा शब्द एकाच कुळातले आहेत.

आता आत चला. जमीन खडूची आहे: स्थानिक खडू कुटून, ठोकून बसवलेला आणि आंबलेल्या दुधाने बांधलेला. सारवलेल्या जमिनीवर वाढलेल्या माणसाच्या तळव्यांना ती अनोळखी वाटत नाही. वर पाहिले की मजला नाही, थेट छप्पर. आडव्या तुळईच्या मधोमध एक उभा खांब आणि त्याला चारी दिशांना फुटलेले बाकदार टेकू. एखादे झाड घरात उगवल्यासारखे. कोपऱ्यातल्या एका लाकडावर ओकचे पान कोरलेले आहे. ज्या संस्थेकडे हे घर आज आहे तिच्या बोधचिन्हातले ओकचे पान येथूनच स्फुरले असावे असे मानणारे पुष्कळ आहेत. मला मात्र त्या पानापेक्षा एका अभावाने थांबवले. एवढ्या थंड देशातल्या एवढ्या मोठ्या खोलीत मध्ययुगीन माणूस जाळ कुठे करीत असेल? भिंतीत चूल नाही. जाळ असे खोलीच्या मध्यभागी, उघड्या जमिनीवर. धुरासाठी वेगळी वाट नसे. तो वर चढे, वाशांमध्ये रेंगाळे आणि छपरातल्या फटींतून, आढ्याच्या टोकाशी ठेवलेल्या भोकांतून जमेल तसा बाहेर पडे. खिडक्यांना काच नव्हती. उभे लाकडी गज आणि आतून लावायची फळ्यांची झडप. ‘विंडो’ हा शब्द प्राचीन नॉर्स भाषेतून आला आणि त्याचा अर्थ ‘वाऱ्याचा डोळा’. आपल्या ‘गवाक्षा’तही डोळाच आहे, गायीचा. काच दोघांनाही ठाऊक नव्हती.

या जाळाभोवती घराचे व्याकरण रचलेले होते. हॉलच्या एका टोकाला धन्याचे मेज, भिंतीला पाठ लावून. समोरच्या टोकाला आमनेसामने दोन दारे आणि त्यांच्या पलीकडे दोन लहान कोठारे, ‘बटरी’ आणि ‘पॅन्ट्री’. बटरीत लोणी नसे. तो शब्द पिंपावरून आला, म्हणजे ती बिअरच्या पिंपांची खोली. पॅन्ट्री पावाची. ही दोन्ही नावे फ्रेंच आणि ‘हॉल’ मात्र अस्सल जुनी इंग्रजी. १०६६ नंतर राज्य कोणाचे आले ते खोल्यांच्या नावांत असे दिसते. धन्याचे मेज म्हणजे घोड्यांवर टाकलेली फळी, ‘बोर्ड’. त्या फळीभोवती बसून निर्णय घेणाऱ्यांनाही पुढे ‘बोर्ड’ म्हणू लागले. तुमचा अभ्यासक्रम मंजूर करणारे अभ्यासमंडळ इंग्रजी कागदपत्रांत ‘बोर्ड’ असते ते या जेवणाच्या फळीमुळे.

धनी, त्याची बायको, मुले, शेतावरचे गडी, मोलकरणी, सगळे या एका खोलीत जेवत आणि त्यांपैकी बरेच तिथेच झोपत. जागा ठरलेल्या होत्या, प्रतिष्ठा ठरलेली होती, समता मुळीच नव्हती. पण जाळ एक होता. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. दोन्ही टोकांना वरच्या मजल्यावर खोल्या असल्या तरी मधला हॉल छपरापर्यंत मोकळा असल्याने वरच्या वर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाता येत नसे. खाली उतरायचे, हॉल ओलांडायचा, पुन्हा वर चढायचे. घरातल्या कोणालाही इतरांच्या नजरेआड राहून घरभर फिरता येत नव्हते. ही रचना कोणाला जिव्हाळ्याची वाटेल, कोणाला पाळतीची. बहुधा ती दोन्ही होती आणि कोणासाठी काय, हे तुम्ही मेजाच्या कुठल्या टोकाला बसता यावर ठरत होते.

मग धुराडे आले. विल्यम हॅरिसन नावाच्या धर्मोपदेशकाने १५७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्लंडच्या वर्णनात लिहून ठेवले आहे, की गावातल्या म्हाताऱ्यांना आपल्या हयातीत तीन गोष्टी फार बदललेल्या दिसतात: नव्याने उभी राहिलेली असंख्य धुराडी, सुधारलेली अंथरुणे आणि लाकडी ताटांच्या जागी आलेली कथलाच्या मिश्रधातूची भांडी. पूर्वी उशीला लाकडाचा ओंडका असे, हेही त्याने नोंदवले आहे. १९५३ मध्ये डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकाराने एका प्रसिद्ध लेखात १५७० ते १६४० हा काळ ग्रामीण इंग्लंडच्या महापुनर्बांधणीचा काळ म्हणून मांडला. पुढच्या संशोधकांनी त्याच्या सनावळीवर आक्षेप घेतले, काही प्रदेशांत हे आधी घडले, काही ठिकाणी फार नंतर. परंतु काय घडले याविषयी वाद नाही. विटांचे धुराडे बांधले की धूर वाशांत फिरायचा थांबतो. धूर थांबला की हॉल छपरापर्यंत मोकळा ठेवण्याचे कारण संपते. मग त्यात मधोमध मजला घालता येतो. वर आणखी एक खोली मिळते. वरच्या वर घर ओलांडता येते. एका धुराड्याला दोन-तीन खोल्यांचे जाळ जोडता येतात. धनी आपल्या बैठकीत जातो, जिचे नाव ‘पार्लर’, बोलण्याची खोली. गडी स्वयंपाकघरात जातात. हॉल राहतो तो या सगळ्यांकडे जाण्याची वाट म्हणून. अर्थसंकोच झाला तो असा. विटा, चुना आणि एक मजला यांनी केलेला.

या बदलाबद्दल हळहळण्याचा मोह होतो. मला तो फारसा होत नाही. बंद खोलीतल्या उघड्या जाळावर ज्यांनी स्वयंपाक केला आहे, किंवा आईला करताना पाहिले आहे, त्यांना धुराने चुरचुरणाऱ्या डोळ्यांचे काव्य सुचत नाही. पहिल्या धुराड्याखाली उभे राहून ज्या बाईने मोकळा श्वास घेतला असेल, तिला शतकांपूर्वीच्या सामूहिकतेची थोरवी मी कशी सांगणार? पण त्याच धुराड्याने शेतमजुराला धन्याच्या जाळापासून उठवले, हेही तितकेच खरे. सुखसोय आली आणि अंतर आले, एकाच चिमणीतून.

आल्फ्रिस्टनचे घर पुढे मजुरांच्या बिऱ्हाडांसाठी वापरले गेले, जीर्ण झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पाडण्याचे ठरले. तिथे राहणाऱ्या एका वृद्धेने मरेपर्यंत इथेच राहू द्या अशी विनवणी केली, म्हणून पाडकाम लांबले, असे सांगतात. दरम्यान गावच्या धर्मोपदेशकांनी घर वाचवण्यासाठी खटपट सुरू केली. १८९५ मध्ये ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्सली यांनी ‘नॅशनल ट्रस्ट’ स्थापन केला होता. त्याने १८९६ मध्ये हे घर १० पौंडांना विकत घेतले. ट्रस्टने घेतलेली ही पहिली इमारत. दुरुस्तीला लागणारा पैसा किमतीच्या कितीतरी पट होता आणि तो लोकांकडून मागून उभा करावा लागला.

दुरुस्ती कशी करायची हा प्रश्न त्याहून कठीण होता. त्या शतकातले वास्तुतज्ज्ञ जुन्या इमारती, विशेषतः चर्च, त्यांच्या ‘मूळ’ रूपात नेण्याच्या नादात नंतरच्या शतकांचे काम खरवडून काढीत. याविरुद्ध विल्यम मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. तिची भूमिका अशी: मूळ रूप ही बहुधा आपली कल्पना असते, जे आहे ते टिकवा, डागडुजी करा, नवे लाकूड घातले तर ते नवे दिसू द्या. आल्फ्रिस्टनच्या प्रकरणातही या संस्थेचा सल्ला होता. हा वाद वाचताना मला आपल्याकडची भाषाशुद्धीची चळवळ आठवल्यावाचून राहत नाही. फारसी शब्द खरवडून काढले की खाली शुद्ध मराठी लागेल अशी तिच्यातल्या कित्येकांची श्रद्धा होती. त्या चळवळीने आपल्याला उपयुक्त शब्द दिले, हे मी वर्गात नेहमी सांगते. पण ‘दरवाजा’ आणि ‘दिवाण’ काढून टाकल्यावर खाली उघडे पडते ते मूळ घर नव्हे, पडझड झालेली भिंत.

इंग्लंडमध्ये आज अशा वास्तूंना कायद्याचे संरक्षण आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनंतर कोणत्या इमारती पाडायच्या नाहीत, याच्या याद्या वास्तुतज्ज्ञांनी केल्या होत्या. तिथूनच १९४४ आणि १९४७ च्या नगररचना कायद्यांतून वास्तूंच्या अधिकृत सूचीची पद्धत आली. सूचीतल्या नोंदी आज पावणेचार लाखांच्या आसपास आहेत. पहिली श्रेणी, तारांकित दुसरी आणि दुसरी, अशी प्रतवारी. ९० टक्क्यांहून अधिक नोंदी शेवटच्या श्रेणीत. आल्फ्रिस्टनचे घर तारांकित दुसऱ्या श्रेणीत आहे. १७०० पूर्वीची आणि बऱ्यापैकी मूळ स्थितीत उरलेली जवळजवळ प्रत्येक इमारत सूचीयोग्य मानली जाते. संरक्षण बाहेरचे आणि आतले, दोन्ही. संमतीवाचून वास्तूच्या वैशिष्ट्याला बाध आणणारा फेरफार केला तर तो फौजदारी गुन्हा. छपराच्या गवताला इंग्रजीत ‘थॅच’ म्हणतात आणि व्युत्पत्तिकार त्याचे नाते संस्कृतातल्या ‘स्थग्’, झाकणे, या धातूशी सांगतात. त्यातूनच आपला ‘स्थगित’ आला. न्यायालय पाडकामाला स्थगिती देते तेव्हा ते त्या इमारतीवर एक प्रकारे गवतच शाकारते, असे मी विद्यार्थ्यांना गमतीने सांगत असते.

परंतु आल्फ्रिस्टनच्या घरात आता कोणी राहत नाही. तिकीट काढून जायचे असते. बहुसंख्य सूचीबद्ध घरांत माणसे राहतात, त्यांना न्हाणीघर हवे असते, थंडीत भिंती गरम राहायला हव्या असतात, आणि प्रत्येक खिडकीसाठी अर्ज करावा लागतो. त्यांच्यापैकी एखाद्याच्या मनात येते, की चारशे वर्षांपूर्वी हॉलमध्ये घातलेला मजला काढून पुन्हा आढ्यापर्यंत मोकळी खोली करावी. मजला जाऊ द्यायचा की नाही याचा निर्णय प्रत्येक घरापुरता घ्यावा लागतो, कारण तो मजलाही त्या घराचा इतिहासच असतो. माझे मत विचाराल तर मजला राहू द्यावा. हॉल त्यामुळे नाहीसा होत नाही.

तो कुठे असतो ते सांगते. ‘बीएचके’मधला आपला हॉल त्या मध्ययुगीन हॉलचा थेट वंशज आहे असे मी म्हणणार नाही, आपल्याकडे तो बहुधा इंग्रज अधिकाऱ्यांच्या बंगल्यातल्या मधल्या मोठ्या खोलीवरून आला. पण सगळे जमतात ती खोली, हा अर्थ आपण राखला. इंग्लंडमध्ये तो माळ्यावर राहिला आहे. केंटमध्ये, ससेक्समध्ये एखादे घर रस्त्यावरून अठराव्या शतकातले विटांचे दिसते. आत बोळ, बोळाला ‘हॉल’ हे नाव, डावी-उजवीकडे खोल्या. जुन्या घरांचा अभ्यास करणारा माणूस मात्र थेट शिडी लावून माळ्यावर चढतो आणि विजेरीचा झोत वाशांवर टाकतो. टोकांकडचे वासे तपकिरी असतात. मधले, हॉलवरचे, काळे. कित्येक पिढ्यांच्या जेवणांचा धूर त्यांच्यावर बसलेला असतो, आणि बोट फिरवले तर अजूनही काजळी लागते.